प्राणवायू आत कोण घेतो?

श्वासाविषयी बोलण्याच्या मराठीत दोन रीती आहेत. ‘तिने श्वास रोखला’, ‘त्याने अखेरचा श्वास घेतला’ ही एक रीत. ‘मला दम लागला’, ‘म्हाताऱ्याला धाप लागली’, ‘जीव गुदमरला’ ही दुसरी. पहिलीत माणूस कर्ता आहे, दुसरीत तो केवळ भोक्ता. बोलताना या दोन्ही रीती आपण सहज वापरतो आणि त्यांत काही विसंगती आहे असे कोणाला वाटत नाही. छाती फुगवण्यापर्यंतचे काम बरेचसे आपल्या हाती आहे हे खरेच. परंतु हवा फुप्फुसाच्या अगदी आतल्या टोकाशी, वायुकोशात, पोहोचल्यावर पुढे काय होते? तेथून रक्तात शिरणारा प्राणवायू शरीर ‘घेते’, की तो आपोआप ‘जातो’? कर्तृत्व नेमके कोठे संपते?

हा प्रश्न वैयाकरणांचा वाटेल. परंतु 1891 पासून पुढची सुमारे चाळीस वर्षे युरोपातील काही अत्यंत बुद्धिमान माणसे या एकाच प्रश्नावर भांडली. त्यासाठी ती डोंगरावर चढली, काचेच्या खोलीत कोंडून बसली, विषारी वायू हुंगत राहिली, आणि एका शिष्याला आपल्या गुरूविरुद्ध उभे राहावे लागले. साहित्याच्या अभ्यासकांनी हा वाद वाचावा असे आम्हांस वाटते, कारण सिद्धान्त कसा जन्मतो आणि कसा मरतो, हे समीक्षेच्या इतिहासात क्वचितच इतके स्पष्ट दिसते.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो. इटलीतील माल्पिगीने 1661 मध्ये बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे पाहिले. लंडनमध्ये रॉबर्ट हूकने 1667 साली एका कुत्र्याच्या फासळ्या काढून, भात्याने अखंड हवा पुरवून, त्याचे फुप्फुस हलू न देता नुसते फुगलेले ठेवले. कुत्रा जिवंत राहिला. म्हणजे जीव टिकतो तो फुप्फुसाच्या हालचालीने नव्हे, ताज्या हवेने. (हे प्रयोग वाचताना पोटात कालवते. हूकलाही कुत्र्याचे हाल सहन होत नव्हते आणि पूर्वी एकदा केलेला हा प्रयोग पुन्हा करण्यास तो नाखूष होता, एवढी नोंद केली पाहिजे.) रिचर्ड लोअरने 1669 मध्ये दाखवले की काळपट रक्त लाल होते ते हृदयात नव्हे, फुप्फुसात, हवेच्या स्पर्शाने. शंभर वर्षांनी लाव्हाझिएने त्या हवेतला कामाचा भाग वेगळा ओळखला, त्याला नाव दिले, आणि श्वसन म्हणजे एक प्रकारचे मंद ज्वलन असे सांगितले. 8 मे 1794 रोजी क्रांतीच्या राजवटीने त्याचा शिरच्छेद केला. पुढे 1837 मध्ये बर्लिनच्या माग्नुसने रक्तातून प्राणवायू आणि कार्बन डायऑक्साइड हे दोन्ही वायू काढून दाखवले. आता प्रश्न उरला तो उंबरठ्याचा. हवा अलीकडे, रक्त पलीकडे, मध्ये ओलसर पापुद्रा. वायू हा उंबरठा ओलांडतात कसे?

याचे एक उत्तर अगदी साधे होते. अत्तराची कुपी उघडली की वास खोलीभर पसरतो, त्यासाठी कोणाला वारा घालावा लागत नाही. वायू जेथे दाट आहे तेथून विरळ असेल तिकडे जातो. शास्त्रात यास ‘विसरण’ म्हणतात. परिभाषा घडवणाऱ्यांनी हा शब्द योजला तेव्हा मराठीत ‘विसरणे’ नावाचे एक क्रियापद आधीच आहे हे ते स्वतःच विसरले असावेत, पण आता तो रूढ झाला आहे. हवेच्या एकूण दाबात प्रत्येक वायूचा आपापला वाटा असतो, त्यास आंशिक दाब म्हणतात. समुद्रसपाटीस हवेचा दाब पाऱ्याच्या 760 मिलिमीटर इतका असतो, त्यांतील सुमारे 160 प्राणवायूचा. वायुकोशात तो सुमारे 100 पर्यंत उतरतो, आणि शरीरभर फिरून परत आलेल्या रक्तात 40 च्या आसपास असतो. शंभराकडून चाळिसाकडे उतार आहे, म्हणून प्राणवायू रक्तात उतरतो. कार्बन डायऑक्साइडचा उतार उलट दिशेस आहे, म्हणून तो बाहेर येतो. या चित्रात फुप्फुस काहीही करत नाही. ते फक्त दार आहे. बॉनचा फ्ल्युगर या मताचा होता.

दुसरे उत्तर असे की फुप्फुस ही एक ग्रंथी आहे. लाळग्रंथी रक्तातून निवडून लाळ बाहेर टाकते, मूत्रपिंड निवडून मूत्र तयार करते, तसेच फुप्फुसाच्या पेशी हवेतून प्राणवायू निवडून रक्तात लोटतात. गरज पडली तर उताराच्या विरुद्ध, चढावरही. कोपनहेगनचा प्राध्यापक ख्रिश्चन बोर याने 1891 मध्ये हे मत प्रयोगांनिशी मांडले. (अणूची रचना सांगणाऱ्या नील्स बोरचा हा पिता. मुलाने विद्यार्थिदशेतील पहिले संशोधन बापाच्याच प्रयोगशाळेत केले.) कुत्र्यांच्या रोहिणीतील रक्तात प्राणवायूचा दाब त्याने मोजला आणि कित्येक वेळा तो वायुकोशातील हवेपेक्षा अधिक भरला. ओढ्याचे पाणी टेकडीवर चढलेले दिसले, तर खाली कोणीतरी पंप चालवत असला पाहिजे, हा त्याचा तर्क होता.

हे मत आज हास्यास्पद वाटण्याचा संभव आहे, म्हणून त्याची बाजू नीट मांडली पाहिजे. माशांच्या पोटात वाताशय नावाची एक पिशवी असते, तीत वायू कमीअधिक करून मासा पाण्यात आपली पातळी राखतो. फ्रेंच पदार्थवैज्ञानिक बिओ याने 1807 मध्येच दाखवले होते की खोल पाण्यातील माशांच्या या पिशवीत हवेच्या कितीतरी पट अधिक प्राणवायू भरलेला असतो. तो उताराने आलेला असणे शक्यच नाही. ख्रिश्चन बोरने 1894 मध्ये पुढचे पाऊल टाकले: एक विशिष्ट मज्जातंतू कापला की ही भरती थांबते असे त्याने सिद्ध केले. जिवंत पेशी मज्जातंतूच्या हुकमाने प्राणवायू चढावर लोटते, हे माशात निर्विवाद होते. मग माशाला जे साधते ते माणसाच्या फुप्फुसाला का साधू नये? वाताशय आणि फुप्फुस एकाच कुळातले अवयव आहेत हे तर शरीररचनेचे अभ्यासक सांगतच होते. आम्ही त्या काळी असतो तर बहुधा बोरच्याच पक्षात गेलो असतो.

या पक्षाचा सर्वांत मोठा मोहरा मात्र डेन्मार्कात नव्हता, ऑक्सफर्डमध्ये होता. जॉन स्कॉट हॉल्डेन हा जन्माने स्कॉटिश, शिक्षणाने वैद्य आणि प्रवृत्तीने तत्त्वचिंतक. कोळशाच्या खाणींतील स्फोटांनंतर कामगार कशाने मरतात याचा त्याने छडा लावला आणि 1896 च्या अहवालात सांगितले की बहुतेक जण भाजून नव्हे, कार्बन मोनॉक्साइडने गुदमरून मरतात. हा वायू त्याने स्वतः हुंगून पाहिला आणि आपल्यावर होणारे परिणाम टिपून ठेवले. आपल्या लहान मुलालाही तो खाणीत नेत असे. या मुलाने पुढे लिहिलेली एक आठवण साहित्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावी. खाणीच्या छताशी मिथेन साचलेला होता. बापाने मुलाला उभे राहून शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’मधले अँटनीचे भाषण म्हणावयास सांगितले. मुलगा म्हणू लागला, धापा टाकू लागला, आणि ब्रूटसचे नाव येते न येते तोच पाय लटके पडून खाली कोसळला. जमिनीशी हवा चांगली होती, तेथे तो शुद्धीवर आला. मिथेन हवेहून हलका असतो आणि तो श्वासात गेल्याने विषबाधा होत नाही, हा धडा त्याला जन्मभर पुरला. हा मुलगा म्हणजे जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन. 1957 मध्ये तो भारतात आला, येथला नागरिक झाला आणि 1964 मध्ये भुवनेश्वर येथे निवर्तला. अँटनीच्या भाषणाचे याहून उपयुक्त वाचन झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

थोरल्या हॉल्डेनने रक्तातील दाब मोजण्याची स्वतःची एक युक्ती काढली. हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा कार्बन मोनॉक्साइडची ओढ दोनशेहून अधिक पट असते. माणसाला अत्यल्प मोनॉक्साइड मिसळलेली हवा बराच वेळ दिली, की दोन्ही वायू हिमोग्लोबिनवर आपापला हिस्सा वाटून घेतात, आणि त्या वाटणीवरून रोहिणीतील प्राणवायूचा दाब गणिताने काढता येतो. 1897 मध्ये लॉरेन स्मिथसह त्याने काढलेले आकडे वायुकोशातील दाबापेक्षा पुष्कळच मोठे निघाले. पुढे पद्धतीतले दोष सुधारल्यावर, स्वस्थ बसलेल्या माणसात असे होत नाही हे त्याने मान्य केले. पण कष्टाच्या वेळी आणि उंच पर्वतावर फुप्फुस नक्की कामाला लागते, हे मत त्याने सोडले नाही.

कोपनहेगनमध्ये तोवर ऑगस्ट क्रोग नावाचा एक तरुण बोरच्या हाताखाली तयार झाला होता. 1897 पासून तो त्याचा साहाय्यक. 1903 मधला त्याचा प्रबंध बेडकावर होता. बेडूक त्वचेनेही श्वास घेतो आणि फुप्फुसानेही. क्रोगने दोन्ही वेगळे मोजले. कार्बन डायऑक्साइड बहुतेक त्वचेतून जातो. त्वचेतून येणारा प्राणवायू जवळपास स्थिर राहतो, फुप्फुसातून येणारा मात्र कमीजास्त होतो. कमीजास्त होतो त्या अर्थी तेथे कोणीतरी नियंता आहे, हा अर्थ गुरूच्या मताशी जुळणारा होता. 1904 मध्ये बोर, हासेलबाल्क आणि क्रोग या तिघांनी मिळून दाखवले की कार्बन डायऑक्साइड वाढला की रक्त प्राणवायूवरची पकड सैल करते. पाठ्यपुस्तकांत हा शोध एकट्या बोरच्या नावाने राहिला आहे.

क्रोगचा हात विलक्षण होता. त्याने एक छोटे उपकरण बनवले: वाहत्या रक्ताशी हवेचा केवळ काही घनमिलिमीटरचा एक बुडबुडा भिडवायचा. बुडबुडा इतका लहान, की काही मिनिटांतच त्यातील वायूंचा दाब रक्तातील दाबाशी समान होतो. मग त्या बुडबुड्याचे पृथक्करण करायचे. या कामात त्याची पत्नी मारी बरोबरीने होती. ती स्वतः वैद्य होती, 1905 मध्ये त्यांचा विवाह झाला आणि 1908 मध्ये दोघे ग्रीनलंडला जाऊन मांसाहारी इन्युइट लोकांच्या चयापचयाचा अभ्यास करून आली. या दोघांनी बुडबुड्यांचे आकडे मांडले तेव्हा रोहिणीतील प्राणवायूचा दाब दर वेळी वायुकोशातील दाबापेक्षा किंचित कमी आला. जास्त एकदाही आला नाही. ओढा टेकडी चढतच नव्हता.

1910 साली एका स्कँडिनेव्हियन शास्त्रीय नियतकालिकात यावर सात निबंध एकत्र छापून आले. क्रोग दांपत्य त्यांना खासगीत सात छोटे सैतान म्हणत असे. निष्कर्ष असा की फुप्फुसात प्राणवायू आत येतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो तो विसरणाने, आणि केवळ विसरणाने.

या निबंधांचा आरंभ आम्हांस विशेष वाचनीय वाटतो. क्रोग तेथे सांगतो की पुढील पानांत आपल्याला आपल्या गुरूच्या मतांशी झगडावे लागणार आहे, त्यांच्या काही प्रयोगांतही दोष दाखवावे लागणार आहेत. त्याच श्वासात तो म्हणतो की गेल्या वीस वर्षांत या विषयात जी खरी प्रगती झाली, ती मुख्यतः त्यांच्याच श्रमांमुळे आणि त्यांनी आणलेल्या सूक्ष्म मापनपद्धतींमुळे. हे औपचारिक सौजन्य नव्हे. बोरला खोटे ठरवणारे आकडे बोरनेच शिकवलेल्या काटेकोरपणातून निघाले होते. आपल्याकडे खंडन करण्यापूर्वी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडण्याची शिस्त होती. मराठी वाङ्मयीन वादांत तिचे पुढे काय झाले ते वाचकांस ठाऊक आहे. बोरला मात्र हे निबंध लागले. गुरुशिष्यांचे संबंध दुरावले, आणि उत्तर देण्यास त्याला फारसा अवधीही मिळाला नाही. फेब्रुवारी 1911 मध्ये तो मरण पावला.

हॉल्डेनचा पक्ष जिवंत होता. त्याच वर्षी उन्हाळ्यात हॉल्डेन, डग्लस, हेंडरसन आणि श्नायडर हे चौघे अमेरिकेतील कोलोराडोमधील पाइक्स पीक या 4,300 मीटर उंचीच्या शिखरावर पाच आठवडे जाऊन राहिले. जागा मजेशीर निवडली होती: वर निवारा होता आणि थेट शिखरापर्यंत दात्याच्या रुळांवरून चालणारी आगगाडी. रोज गाडीने पर्यटक वर येत, त्यांचे ओठ निळे पडत, काही घेरी येऊन पडत, आणि आठवड्यापूर्वी स्वतः तसेच निळे पडलेले हे चार संशोधक त्यांच्याकडे पाहत शांतपणे हिंडत. फरक कशाने पडला? श्वास खोल झाला होता, रक्तात हिमोग्लोबिन वाढले होते. एवढ्याने आज आपले समाधान होते. हॉल्डेनचे झाले नाही. त्याच्या मोनॉक्साइडच्या पद्धतीने उंचीवर पुन्हा तोच चढाचा आकडा दिला.

तो खोडून काढण्याचे काम केंब्रिजच्या जोसेफ बारक्रॉफ्टने स्वतःच्या शरीरावर केले. 1920 मध्ये तो काचेच्या बंद खोलीत सहा दिवस राहिला. आतला प्राणवायू हळूहळू कमी करत शेवटी सुमारे 5,000 मीटर उंचीइतका विरळ केला. मग त्याच्या डाव्या मनगटाजवळील रोहिणी उघडून थेट तीतून रक्त घेतले गेले. मोनॉक्साइडचे गणित नाही, अनुमान नाही. रक्त डोळ्यांनाच काळपट दिसत होते, आणि त्यातील दाब वायुकोशाच्या खालीच होता. फुप्फुसाला पंप व्हावयाचे असते तर त्याहून निकडीची वेळ कोणती होती? पुढे 1921-22 च्या हिवाळ्यात पेरूमधील सेरो दे पास्को या खाणींच्या गावी, पुन्हा 4,300 मीटरवर, तेच निष्पन्न झाले.

तरी एक शंका राहिली होती, आणि ती रास्त होती: निव्वळ उतारावर भागते कसे? धावणाऱ्या माणसाला स्वस्थ असतानाच्या दहापट, कधी त्याहून अधिक प्राणवायू लागतो. निष्क्रिय दारातून इतकी वर्दळ होईल काय? याचे उत्तर मारी क्रोगने दिले. माणसाला अत्यल्प कार्बन मोनॉक्साइड मिसळलेली हवा एकदा खोल घ्यावयास लावून, श्वास रोखायला सांगून, किती वायू नाहीसा झाला हे तिने मोजले. त्यावरून पापुद्र्याची एकूण पारगम्यता काढली आणि 1915 मध्ये प्रसिद्ध केले की ती जोराच्या कष्टांनाही पुरून उरते. (हॉल्डेनचे हत्यार हॉल्डेनविरुद्ध वापरले गेले ते असे.) हे दार केवढे आहे याचा अंदाज नंतरच्या मोजमापांनी आला: वायुकोश कोट्यवधी, त्यांचे एकूण क्षेत्रफळ शंभर चौरस मीटरांच्या पुढे, आणि हवा व रक्त यांच्यामधला पडदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ. स्वस्थ अवस्थेत रक्तपेशी या जाळ्यात सुमारे पाऊण सेकंद असते, आणि तिची भरती त्याच्या एक-तृतीयांश वेळातच पुरी होते. घाईच्या वेळी उरलेला वेळ उपयोगी पडतो.

ऑगस्ट क्रोगने मग प्रश्नाचे दुसरे टोक धरले: स्नायूत रक्तातून पेशीपर्यंत प्राणवायू कसा पोहोचतो? त्यासाठीचे गणित 1919 मध्ये टेलिफोनच्या वर्दळीचा हिशेब मांडणाऱ्या एर्लांग या गणितज्ञाने करून दिले, आणि केशवाहिन्यांचे नियमन कसे होते या शोधासाठी क्रोगला 1920 चे नोबेल मिळाले. किड्यांकडेही तो वळला. त्यांना फुप्फुसच नसते. अंगावरील छिद्रांपासून निघालेल्या नळ्या थेट पेशींपर्यंत हवा नेतात. मोठ्या अळ्यांच्या नळ्या मोजून त्याने दाखवले की तेथेही विसरण पुरेसे आहे.

आणि मासा? माशाविषयी बोर बरोबरच होता. फक्त तेथेही पेशी प्राणवायूला धरून ढकलत नाही. वाताशयाची ग्रंथी आम्ल सोडते, आम्लाने रक्ताची प्राणवायूवरील पकड सुटते, आणि समांतर वाहिन्यांची एक दाट जुडी त्या सुटलेल्या वायूला परत पळू देत नाही. आम्लाने पकड सुटण्याचा हा गुण 1904 च्या त्या शोधाचाच भाऊबंद आहे. स्वतःच्या कोड्याची किल्ली बोरच्या खिशात होती, त्याने ती त्या कुलपाला लावून पाहिली नाही.

हॉल्डेनने 1936 मध्ये मरेपर्यंत हार मानली नाही. याचा अर्थ हट्ट एवढाच घेणे आम्हांस अन्यायाचे वाटते. श्वासाचा वेग मुख्यतः कार्बन डायऑक्साइड ठरवतो हे 1905 मध्ये प्रीस्टलीसह दाखवणारा माणूस पुराव्याला भिणारा नव्हता. जीव म्हणजे यंत्र नव्हे, त्याचे अवयव समग्राच्या हितासाठी एकमेकांशी जुळवून घेतात, ही त्याची तात्त्विक भूमिका होती आणि तीवर त्याने पुस्तके लिहिली. पाइक्स पीकवर त्याला हे जुळवून घेणे डोळ्यांसमोर दिसले. ते खरेही होते. फक्त ते श्वासाच्या खोलीत आणि रक्ताच्या घडणीत होते, त्या पातळ पडद्यात नव्हते. समग्राविषयीची त्याची श्रद्धा एका पापुद्र्यावर येऊन ठेपली आणि पापुद्र्याने साथ दिली नाही.

आपल्या भाषेचाही येथे थोडा संबंध येतो. लाव्हाझिएने वायूला जे नाव दिले त्याचा अर्थ ‘आम्लकारक’, आणि तो चुकीचा निघाला, कारण हा वायू नसलेलीही आम्ले असतात. मराठीने पत्करलेला ‘प्राणवायू’ हा शब्द आयुर्वेदातून आला. तेथे प्राण, उदान, समान, व्यान, अपान या पाच वायूंपैकी तो पहिला, आणि शरीरात कार्य करणारी ती एक शक्ती आहे. म्हणजे युरोपने नावात रसायन घातले तर आपण कर्तृत्व घातले. 2021 च्या उन्हाळ्यात घरोघरी बोटाला चिमटा लावून आकडा वाचला जात होता, तेव्हा ‘प्राणवायू’ या शब्दातील ‘प्राण’ सर्वांना अक्षरशः ऐकू येत होता. चिमटा मात्र इतकेच सांगत होता की हिमोग्लोबिनच्या किती जागा भरल्या आहेत.

2007 मध्ये काही ब्रिटिश वैद्य एव्हरेस्ट उतरत असताना 8,400 मीटरवर थांबले आणि चौघांच्या मांडीतील रोहिणीतून रक्त घेतले. प्राणवायूचा दाब सरासरी 24.6 मिलिमीटर भरला, एकाचा तर 19.1. जगाच्या माथ्यावर, मुरलेल्या गिर्यारोहकांतही, पंप सुरू झालेला नव्हता. मारी क्रोगची पद्धत थोड्या फेरफाराने आज मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांतही वापरतात. नळी तोंडात धरायची, पूर्ण श्वास सोडायचा, मग एकदम खोल घ्यायचा, आणि तंत्रज्ञ सांगतो: रोखा. दहा सेकंद रुग्ण स्वस्थ बसून असतो. मोजायचे असते ते याच दहा सेकंदांत होते.